प्रदर्शन एक, गट अनेक : वेळापत्रकांचा मेळ कसा घालावा?

वस्तुसंग्रहालयशास्त्र, इतिहास, उपयोजित कला आणि अंतर्गत रचना या शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन एखादे प्रदर्शन उभारतात, तेव्हा कल्पनांचा तुटवडा सहसा नसतो. अडते ते तारखांपाशी. प्रत्येक गट स्वतःचे वेळापत्रक चोख आखतो. परंतु आपले काम दुसऱ्या गटाच्या हाती केव्हा आणि कोणत्या स्वरूपात जाणार, याची नोंद त्यात नसते.

वस्तूंची मापे मिळाल्याखेरीज मांडणी गटाला काचपेटीचा आराखडा करता येत नाही. यादी कायम झाल्याखेरीज माहितीफलकांचा मजकूर लिहिता येत नाही आणि मजकुराची लांबी कळल्याखेरीज फलकाचा आकार ठरत नाही. त्यामुळे सर्वांना बांधणारी खरी तारीख उद्घाटनाची नव्हे, तर वस्तूंची यादी पक्की करण्याची असते. त्यानंतरचा कोणताही बदल सर्व गटांच्या संमतीनेच व्हावा.

समजा, ऐनवेळी पितळी समईच्या जागी जुनी पैठणी आली. बदल किरकोळ वाटतो. मात्र वस्त्रे, कागद आणि जलरंगचित्रे यांवरील प्रकाश साधारणतः ५० लक्सपर्यंतच मर्यादित ठेवण्याचा संकेत आहे. म्हणजे दिवे बदलणार, वस्त्राला ताण न पडेल असा आधार लागणार, पेटी बदलणार आणि फलकही नव्याने लिहावा लागणार. घाईत यातले काही राहून गेले, तर नुकसान पैठणीचे होते. प्रकाशाने उडालेला रंग परत आणता येत नाही.

अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता येथे उपयोगी पडतो. मात्र पट्ट्या एकाखाली एक काढून भागत नाही. कोणते काम कशावर अवलंबून आहे, हे बाणांनी दाखवावे. तक्ता उद्घाटनापासून मागे मोजत आखावा. शेवटचा आठवडा केवळ मांडणीचा, त्याआधी छपाई, त्याहीआधी दोन मुद्रितशोधने. फलक द्विभाषिक असल्यास अनुवादाला स्वतंत्र दिवस हवेत. तो एका रात्रीत होतो, हा समज विद्यार्थ्यांमध्ये भलताच रूढ आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच द्यावा. जुन्या टंकातील मजकूर छापखान्याच्या संगणकावर अनेकदा वाचण्याजोगा राहत नाही.

शैक्षणिक दिनदर्शिकाही तक्त्यात हवी. १९७७ पासून साजरा होणारा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी येतो. त्या सुमारास आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत परीक्षा किंवा सुटी असते. १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहासाठी काम करावे, तर आधीचे काही दिवस दिवाळीत जातात.

समन्वयाची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी आणि शक्यतो ती कोणत्याही गटाची प्रमुख नसावी. संग्रहालयाच्या परवानगीचा अर्ज मात्र सर्वांत आधी द्यावा. वस्तू हाताळण्याचा, मोजण्याचा आणि छायाचित्रणाचा दिवस संग्रहालयाचे कर्मचारी ठरवितात, विद्यार्थी नव्हे.