मोजणाऱ्या बायका

हल्ली कुठल्याही जिल्ह्याच्या विकासाचं बोलणं निघालं की तिसऱ्या वाक्याला एआय येतो. मग आमचा धाराशिव तरी कसा सुटणार? गावाकडच्या शिकलेल्या मुलींना डेटा सायन्स आणि एआय शिकवायचं आणि त्यांना सार्वजनिक आरोग्याच्या कामात घ्यायचं, ही कल्पना काढली की ऑफिसातल्या मंडळींचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, वा, क्या बात है. दुसरा म्हणतो, अरे तिथे आधी चोवीस तास वीज द्या, मग बघू. मला दोन्ही गटांशी भांडायचंय. कारण हे काहीतरी अगदी नवीन आहे, असं दोघंही धरून चालतात.

आकडे गोळा करायचे, त्यातून नियम काढायचा आणि त्या नियमावर एखाद्या बाळाचा जीव वाचवायचा, हे काम आपल्या राज्यात खेड्यातल्या बायका पन्नास वर्षांपासून करत आल्या आहेत. त्यात सातवी-आठवी शिकलेल्या आहेत आणि अजिबात शाळेत न गेलेल्याही. त्याला डेटा सायन्स म्हणायचं कुणाला सुचलं नाही, इतकंच.

सुरुवात शेजारच्या घरापासून करू. भूम-परंड्याची शीव ओलांडली की जामखेड तालुका लागतो (जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर). डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे कामाला आले. वेल्लोरला डॉक्टरकी आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, असा दोघांचा बायोडेटा. त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सबाई गावात पाठवून बघितल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी मुलगी गावात राहणार कुठे आणि गाव तिचं ऐकणार कशाला? मग गावानेच निवडलेली, गावातलीच बाई घ्यायची असं ठरलं. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, दलित समाजातल्या होत्या. या बायका जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत आपल्या गावात जाऊन गरोदर बायका, तान्ही मुलं, वजनं, जुलाब-उलट्या यावर लक्ष ठेवायच्या. तिथला बालमृत्यूदर १९७१ साली हजारी १७६ होता, तो १९७६ साली ५२ वर आला. पाच वर्षांत! १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

(थोडं अवांतर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली परिचारिकाच आठवते. पण लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत १८५८ साली निवडली गेलेली पहिली बाई तीच. आणि खेड्यातल्या स्वच्छतेच्या प्रश्नावर तिचा आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. शाळेच्या पुस्तकात फक्त दिवा आला, आकडे राहून गेले. असो.)

आता आमच्या जिल्ह्यात येऊ. माझा जन्म भूकंपानंतरचा, पण आमच्या घरात काळ मोजायची पद्धत अजूनही 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' अशीच आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराची वेळ. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आमच्याकडचं सास्तूर आणि आसपासची गावंही त्यातच गेली. मेलेल्यांचा आकडा कुणी आठ हजार सांगतं, कुणी दहा. आठ आणि दहाच्या मधे दोन हजार माणसं असतात, हे लक्षात घ्या. मोजणारं कुणी नसलं की असं होतं.

त्या पुनर्वसनात एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार होत नाही. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने घरदुरुस्तीच्या कामात गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. सरकारी योजना काय आहे, कुणाला काय मिळायला हवं, काम कुठे अडलंय, हे लोकांना सांगायचं आणि लोकांचं म्हणणं सरकारपर्यंत न्यायचं. थोडक्यात, फील्डवरची खरी माहिती बायकांच्या हातात आली. पुढे २०१० नंतरच्या दशकात याच संस्थेने 'आरोग्य सखी' तयार केल्या आणि त्यांच्या हातात टॅबलेट, ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र दिलं. आणि तिकडे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गजवळच्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने नव्वदीच्या दशकापासून गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' केलं. नाव तर बघा. 'सेविका' नाही, 'मदतनीस' नाही, सरळ वैद्य.

पण ज्या कामात डेटामधून नियम निघाला आणि तो पुन्हा बायकांच्याच हातात गेला, ते बघायला आमच्या जिल्ह्यातून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला जावं लागतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंजिनियर म्हणून मला हे प्रकरण भयंकर आवडतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'पुढे प्रश्न होता न्यूमोनियाचा. लहान मुलाचा श्वास मिनिटाला ठराविक आकड्याच्या वर गेला तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, त्याहून मोठ्याला ५०. सोपं आहे ना? पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजताच येत नसेल तर? मग त्यांनी एक साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. आपल्या भाषेत सांगायचं तर हा झाला थ्रेशोल्ड क्लासिफायर. बॅटरी नाही, नेटवर्क नाही, आणि चालवणारीला तो का चालतो हे डोळ्यांनी दिसतं.

पुढचं पाऊल १९९५ पासूनचं. ३९ गावांत काम आणि तुलनेला ४७ गावं. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका नवजात बाळाच्या घरी पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा जायच्या, वजन करायच्या, बाळ बघायच्या आणि जे दिसलं ते लिहून ठेवायच्या. डॉक्टर येऊन त्या नोंदी तपासायचे. पुढे याच बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकल्या. अशा बाळांमधे शंभरातली १६.६ दगावत होती, ते प्रमाण २.८ वर आलं. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे लॅन्सेटमधे छापून आलं.

पण इंजेक्शन कुणाला द्यायचं हे ठरवायचं कसं? सर्चने या बायकांनीच लिहिलेल्या हजारो नोंदी चाळल्या, आणि त्यातून नियम निघाला तो असा: सात लक्षणं, त्यातली कुठलीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करा. बाळ अंगावर कमी पितंय किंवा प्यायचं थांबलंय, रडणं क्षीण झालंय, हातपाय ढिले पडलेत, उलट्या होताहेत किंवा पोट फुगलंय, छाती आत ओढली जातेय, बेंबी चिघळलीय, आणि सातवं लक्षण, 'आई म्हणते बाळ हाताला गार लागतंय'.

या नियमाची सेन्सिटिव्हिटी १०० टक्के आणि स्पेसिफिसिटी ९२ टक्के निघाली. म्हणजे काय, तर जंतुसंसर्गाने जी बाळं दगावली त्यातलं एकही या जाळ्यातून निसटलं नसतं, आणि बाकीच्या शंभरात आठांच्या बाबतीत घंटा उगाच वाजली असती. आमच्या क्षेत्रातली पोरं 'अॅक्युरसी किती?' असं विचारतात तेव्हा मला हे उदाहरण आठवतं. बहुतेक बाळं या आजारातून दगावत नाहीतच, त्यामुळे डोळे मिटून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्या मॉडेलची अॅक्युरसी सुद्धा झकास येईल. उगाच वाजलेल्या घंटेची किंमत एक औषधाचा कोर्स. न वाजलेल्या घंटेची किंमत एक बाळ.

आणि ते सातवं लक्षण पुन्हा वाचा. 'आई म्हणते'. हे फीचर कुठल्या सेन्सरमधून आलेलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत बसून, तिच्या भाषेत बोलणाऱ्या आणि तिचं म्हणणं लिहिण्याच्या लायकीचं मानणाऱ्या बाईमुळे ते आलं. मुंबईत किंवा बंगलोरात बसून फॉर्म डिझाइन केला असता तर त्यात हा रकाना असता का? मला तरी शंका आहे. जो रकाना फॉर्मवर नाही तो मॉडेल जन्मात शिकणार नाही, मग तुम्ही जीपीयू कितीही लावा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'सर्च' आणि राज्यातल्या इतर संस्थांनी मिळून गावागावांतले जन्म आणि बालमृत्यू स्वतः मोजले आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात खूप कमी बालमृत्यू नोंदले जातात, हे त्यात उघड झालं. माझ्या मते कारण साधं आहे. मृत्यू लिहिला की ज्याने लिहिला त्यालाच जाब विचारणार असतील, तर मृत्यू लिहिला जात नाही. असल्या डेटावर उद्या एआय चढवला तर तो काय शिकेल? आपल्या जिल्ह्यात बाळं मरतच नाहीत, असं तो अगदी आत्मविश्वासाने सांगेल.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. २००५ साली आशा योजना आली. २०११ पासून नवजात बाळांच्या घरभेटींचं काम देशभरातल्या आशाताईंकडे गेलं. गडचिरोलीच्या ३९ गावांतली गोष्ट देशभर पोचली, हे मोठंच यश. पण जाताना वाटेत काहीतरी गळलं. गडचिरोलीत लिहिणारी आणि ठरवणारी बाई एकच होती. आता लिहिणारी खाली राहिली आणि ठरवणारा वर गेला. भेट झाली, फॉर्म भरला, कामागणिक मोबदला मिळाला, आकडा पुढे गेला. तो परत खाली येतो तो बहुधा टार्गेट होऊन.

मग फोन आले. अंगणवाडी सेविकांना २०१९ साली सरकारने मोबाइल दिले. २०२१ च्या ऑगस्टमधे राज्यभरच्या सेविकांनी ते परत करायला सुरुवात केली. फोन तापतात, बंद पडतात, नवं पोषण ट्रॅकर अॅप त्यावर धड चालत नाही आणि वर इंग्रजीतून आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मी रोज सॉफ्टवेअर बनवून पोट भरतो, त्यामुळे सांगतो: आमच्याकडे युजर अॅप उडवून टाकतो, फार तर एक स्टार देतो. इथे युजरने आंदोलन करून यंत्रच परत केलं. याहून स्पष्ट बग रिपोर्ट मी तरी पाहिलेला नाही.

एआय या क्षेत्रात आलाच आहे, आणि त्याचं चांगलं उदाहरणही इथलंच आहे. मुंबईची 'अरमान' ही संस्था गरोदर बायकांना आणि नव्या आयांना फोनवर दर आठवड्याला आरोग्याचे संदेश ऐकवते. बऱ्याच जणी काही दिवसांनी ऐकणं सोडतात. प्रत्येकीला फोन करून विचारण्याइतकी माणसं नाहीत. मग या आठवड्यात कुणाला फोन करायचा? गूगलमधल्या संशोधकांनी, ज्यात मिलिंद तांबे हे आपले मराठी नाव आहे, त्यासाठी मॉडेल बनवलं. २३,००३ बायकांवर करून पाहिलेल्या प्रयोगात ऐकणं सुटण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. उत्तम काम आहे, वादच नाही. मला फक्त त्या फोन करणारीबद्दल कुतूहल आहे. तिच्यासमोर यादी येते. 'हा नंबर सासऱ्याच्या खिशात असतो, दुपारी लावून उपयोग नाही', हे तिला कळलं तर ते सांगायला तिला रकाना आहे का?

धाराशिवच्या मुलींना एआय शिकवण्याच्या गोष्टीत माझा जीव अडकलाय तो नेमका इथे. फोटोंवर लेबलं लावायला आणि फॉर्म भरायला स्वस्तात हात हवे असतील, तर तसं सरळ म्हणा. त्याला प्रशिक्षण म्हणू नका. सात लक्षणांत आठवं घालायचा अधिकार जिच्याकडे आहे, तीच शिकली असं मी म्हणेन.

विषयही बाहेरून आणायला नको. अणदूरच्या हॅलोच्या सोबतीने याच जिल्ह्यातल्या ३४ गावांत २०१४-१५ मधे १३ ते १७ वयाच्या १०१० मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं गेलं. ८७ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचा हाच आकडा ५४.२ टक्के आहे. वयोगट वेगळा, पद्धत वेगळी, त्यामुळे थेट तुलना करू नये हे खरंच. पण ती का करू नये, आणि केलीच तर कशी करावी, हाच एका अख्ख्या सेमिस्टरचा अभ्यास आहे.

त्या मुली आता पंचविशीच्या आगेमागे असतील. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाच्या. काही आशाताई झाल्या असतील, काहींची मुलं अंगणवाडीत जात असतील, एखादी हिंजवडीत माझ्याच बसमधे असेल. त्यांच्या वर्गात मशीन लर्निंगचा पहिला तास असेल तेव्हा जगभर देतात तो आयरिस फुलांच्या पाकळ्यांचा डेटासेट कृपा करून देऊ नका. या १०१० ओळींची फाईल द्या. नावं आणि गावं काढून, अर्थातच.