‘प्रेस्बितेरिओन’ : वडिलांची सभा

आज भातकुलीत आपण एका ग्रीक शब्दाचा विचार करतो आहोत. ‘प्रेस्बिस’ म्हणजे म्हातारा, ‘प्रेस्बितेरोस’ म्हणजे वयानं मोठा, आणि अशा मोठ्यांची सभा ती ‘प्रेस्बितेरिओन’. मराठी बायबलात यासाठी ‘वडीलवर्ग’ हा शब्द येतो.

नव्या करारात हा शब्द तीनदाच येतो, बरं का. लूकच्या २२व्या अध्यायात ही सभा येशूची चौकशी करते. प्रेषितांच्या कृत्यांत, तिथंही २२व्याच अध्यायात, पौल तिला साक्षीला धरतो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मात्र ही सभा ख्रिस्ती मंडळीची आहे. तिथं वडील तरुण तीमथ्यावर हात ठेवून त्याला सेवेला नेमतात. म्हणजे शब्द एकच. एकीकडे आरोपीला जाब विचारणं, दुसरीकडे तरुणावर जबाबदारी सोपवणं.

आपल्याला हे परकं वाटू नये. आपल्याकडे गोतसभा होती. देशमुख, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार बसून वतनाचा तंटा ऐकत; महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. ‘वडीलपण’ हा तर मानाचा हक्कच. त्यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत.

आता ७३व्या घटनादुरुस्तीनं २१ वर्षांची पोरगीही पंचायतीत निवडून येऊ शकते. ती बोलायला उठली की आपण म्हातारे काय करतो, तिला जाब विचारतो की पाठीवर हात ठेवतो? या शब्दाचा अर्थ आम्ही तरी तिथंच शोधतो.