घटनोत्तर समीक्षा

घटनोत्तर समीक्षा : संगणकांच्या साहाय्याने अहोरात्र चालणारी एखादी सेवा अकस्मात बंद पडली, मंदावली, किंवा तिच्यात साठविलेली माहिती नष्ट झाली, तर ती पूर्ववत् झाल्यावर त्या घटनेचा साद्यंत वृत्तांत, तिची कारणे आणि तिची पुनरावृत्ती टाळण्याचे उपाय ती सेवा सांभाळणाऱ्या मंडळींनी एकत्र बसून लेखी नमूद करावयाचे, या पद्धतीस घटनोत्तर समीक्षा म्हणतात. व्यवहारात ती ‘पोस्टमॉर्टेम’ या नावाने ओळखली जाते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून परदेशी ग्राहकांच्या यंत्रणा सांभाळणारे अभियंते तिला बहुधा ‘आरसीए’ (रूट कॉज ॲनालिसिस, म्हणजे मूळ कारणाचे विश्लेषण) म्हणतात. बँकेची देवघेव, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयाचे दप्तर, शासनाचे दाखले हे सर्व आता कोठल्या तरी सर्व्हरवर विसंबून असल्यामुळे ही समीक्षा प्रामाणिकपणे होते की नाही, याच्याशी ज्यांनी सर्व्हर कधी पाहिलाही नाही अशा लक्षावधी माणसांचे हित निगडित झाले आहे.

या समीक्षेचे व्यवच्छेदक लक्षण असे, की तीत अपराधी शोधावयाचा नसतो. ज्याच्या हातून चुकीचा आदेश दिला गेला त्याने त्या क्षणी, त्याच्यासमोर जी माहिती होती तिच्या आधारे, शहाण्या माणसाने करावे तेच केले असे गृहीत धरून चौकशीस आरंभ करावयाचा, आणि असा आदेश त्याला योग्य का वाटला व यंत्रणेने तो निमूटपणे का मानला, या दोन प्रश्नांचा पिच्छा सोडावयाचा नाही. हे औदार्य आहेच. परंतु त्याहून अधिक ते तपासाचे शास्त्र आहे. घडले ते ज्याला सर्वांत जवळून ठाऊक असते त्यालाच शिक्षेचे भय घातले, म्हणजे त्याची जबानी आखडते, तो विचारले तेवढेच सांगतो, आणि चौकशीच्या हाती सत्याऐवजी कैफियत लागते.

हा विचार संगणकक्षेत्रात जन्मलेला नाही; तो विमानविद्येकडून आला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर त्यांची चाके वैमानिकांकडूनच मिटली जात आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले तेव्हा चाकांची आणि पंखांवरील फ्लॅप्सची कळ शेजारीशेजारी व एकसारख्या घडणीची असल्याचे त्यास आढळले. एकीच्या टोकास चाकाचा व दुसरीच्या टोकास पाचरीचा आकार दिला, की अंधारातही हाताला भेद कळे. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ या सदरात मोडणाऱ्या ४६० अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध करून, या चुकांपैकी पुष्कळशा कळांच्या मांडणीतूनच उद्भवतात हे दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये स्वीकारलेल्या तेराव्या परिशिष्टाच्या परंपरेत अपघाताच्या अन्वेषणाचा उद्देश पुढील अपघात टाळणे एवढाच मानला जातो, दोष वा उत्तरदायित्व ठरविणे हा नव्हे. भारताच्या विमान-अपघात अन्वेषण नियमांतही हेच तत्त्व अंतर्भूत आहे.

संगणकक्षेत्रात हे तत्त्व रुजविण्याचे श्रेय मुख्यतः दोन ठिकाणांकडे जाते. गूगल कंपनीत बेन ट्रेनर स्लॉस यांच्या हाताखाली २००३ पासून सेवांच्या विश्वसनीयतेसाठी जो स्वतंत्र अभियंतावर्ग उभा राहिला, त्याने अशा समीक्षांचे नियम बांधले व २०१६ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले; आणि एट्सी या हस्तवस्तूंच्या बाजारपेठेच्या तांत्रिक कामकाजाचे प्रमुख जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली एक निबंध लिहून, दोषारोपाविना समीक्षा करणारी संस्थाच आपल्या यंत्रणेविषयी खरे ज्ञान मिळवू शकते, असे आग्रहाने प्रतिपादिले. कोणत्या घटनेची समीक्षा करावयाची हे आधीच लिहून ठेवावे, असा गूगलच्या नियमांतील एक दंडक आहे : सेवा ठराविक मर्यादेपलीकडे बंद राहिली, माहिती अल्पांशानेही नष्ट झाली, किंवा बिघाड यंत्रणेच्या पहाऱ्याला न कळता माणसाला कळला, तर समीक्षा झालीच पाहिजे. हा दंडक मोलाचा आहे. कारण घटना घडून गेल्यावर ती लिहिण्याजोगी होती की नाही याचा निवाडा करावयास बसले, की वरिष्ठांची मर्जी आणि कामाची घाई यांचे पारडे जड होते.

समीक्षेच्या लेखात घटनेचा परिणाम, ती कशी ध्यानात आली, कशी आवरली, कारणे आणि उपाय अशी प्रकरणे असतात. त्यांत घटनाक्रमाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. सर्व्हरांच्या नोंदी, पहारा करणाऱ्या यंत्रणांचे आलेख, अभियंत्यांनी परस्परांस धाडलेले संदेश आणि दिलेले आदेश यांची मिनिटामिनिटाची जुळणी करून, आणि पुणे व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांचा घोळ नको म्हणून सर्व वेळा एकाच जागतिक प्रमाणवेळेत मांडून, हा क्रम सिद्ध करावा लागतो. पश्चातबुद्धीचा येथे फार मोठा धोका असतो. बरूक फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांनी दाखविले, की शेवट माहीत असलेल्या माणसाला तो शेवट आरंभापासूनच अटळ व स्पष्ट दिसत होता असे वाटू लागते. म्हणून ‘त्याच्या लक्षात यावयास हवे होते’ हे वाक्य लेखातून काढून टाकून, त्याच्या पडद्यावर त्या वेळी काय दिसत होते, ते तेथे लिहावे लागते.

या पद्धतीचा सर्वोत्तम आदर्श म्हणून, सॉफ्टवेअरचे प्रकल्प साठविणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या समीक्षेकडे बोट दाखविले पाहिजे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री तिच्या मुख्य डेटाबेसवर अनाहूत मजकुराचा भार पडला. मुख्य सर्व्हरची प्रतिकृती राखणारा दुय्यम सर्व्हर मागे पडत पडत थांबला. तो नव्याने चालू करण्यासाठी त्याच्यावरील माहितीची फाइलपेटी रिकामी करणे अवश्य होते, आणि दीर्घकाळ झगडून थकलेल्या एका अभियंत्याने रिकामी करण्याचा आदेश दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर दिला. क्षण-दोन क्षणांत त्याच्या ध्यानात आले, त्याने आदेश थांबविला. परंतु सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी अवघे साडेचार गिगाबाइट शिल्लक राहिले होते.

येथवरची हकीकत ऐकून जो ‘मग चूक त्याचीच’ म्हणून दप्तर मिटील, त्याला खरी हकीकत कळणारच नाही. डेटाबेसचा जो रोजचा बॅकअप घेतला जातो असे सर्वजण समजत होते, तो प्रत्यक्षात घेतलाच जात नव्हता, डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा कार्यक्रम ९.२ आवृत्तीचा असल्याने तो दर वेळी अयशस्वी होई. त्या अपयशाची सूचना ईमेलने निघत असे, पण पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची तजवीज अपुरी असल्यामुळे ती सूचनाच नाकारली जात असे. डिस्कच्या प्रतिमा घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी चालूच केलेली नव्हती. अखेर कामास आली ती सहा तास आधी घेतलेली एक प्रत. आणि तीसुद्धा त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेऊन ठेवली होती. ती परत भरण्यास सुमारे १८ तास लागले. सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० च्या आसपास नवी खाती यांची नोंद गमवावी लागली. कंपनीने पुनःस्थापनेचे काम यूट्यूबवर सर्वांना उघड पाहू दिले आणि नंतरच्या लेखात त्या अभियंत्याचे नाव न देता त्याला केवळ ‘गटसदस्य १’ म्हटले. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर कोणी विसंबू नये, तो परत भरून पाहिल्यावाचून त्याचे अस्तित्व मानू नये, हे त्या लेखातून हजारो अपरिचित गट शिकले. एका माणसाला घरी पाठवून हे ज्ञान कोणासही मिळाले नसते.

नाइट कॅपिटल या अमेरिकन रोखे-व्यवहार संस्थेची कथा अधिक दारुण आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक नवी योजना सुरू व्हावयाची होती, आणि तिच्यासाठी लिहिलेला नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. तो सातांवर चढला, आठव्यावर राहिला. नव्या कोडने जी खूण आपल्या कामासाठी घेतली होती, तीच खूण आठव्या सर्व्हरवरील, २००३ पासून वापरात नसलेल्या पण कधीही काढून न टाकलेल्या एका जुन्या कार्यक्रमाला जागे करणारी होती. बाजार उघडताच ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी सुमारे ४५ मिनिटांत १५४ समभागांत चाळीस लाखांवर सौदे होऊन बसले आणि संस्थेचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. बिघाड आवरण्यासाठी उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढण्यात आला, त्यामुळे तो जुना कार्यक्रम तेथेही जागा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच संस्थेच्या यंत्रणेने या दोषाचा उल्लेख करणारे ९७ ईमेल आपल्याच कर्मचाऱ्यांस पाठविले होते. पण ते तातडीचा इशारा म्हणून योजलेले नसल्याने कोणी त्यांवर हालचाल केली नाही. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेला आदेश दंडाचा होता, तरी त्याचा रोख कोड चढविणाऱ्या तंत्रज्ञावर नव्हता : त्याचे काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी नियमच संस्थेत नव्हता, ही गोष्ट त्या आदेशाने नमूद केली.

उपाय कसा असावा याचे उदाहरण ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण-सेवेने दिले आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात, एका आदेशातील एक मूल्य चुकीचे भरले गेल्याने हवे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर सेवेतून निघाले, आणि वर्षानुवर्षे पूर्णतः बंद करून चालू न केलेल्या उपयंत्रणा उभ्या करण्यास चार तासांवर अवधी लागला. सेवेची प्रकृती जनतेस कळविणारे पृष्ठही त्याच सेवेवर अवलंबून असल्याने बराच वेळ तेही बदलता आले नाही. नंतर कंपनीने आदेश देणाऱ्या साधनातच बदल केला. सर्व्हर हळूहळू निघावेत आणि किमान संख्येखाली जाऊच नयेत असा अटकाव घातला. ‘यापुढे अधिक दक्षता घ्यावी’ असा शेरा मारून जी समीक्षा संपते, तिने उपाय सुचविलेला नसतो.

या पद्धतीवर आक्षेप असा घेतला जातो, की दोष द्यावयाचाच नसेल तर जबाबदारी उरली कोठे? सिडनी डेकर यांनी न्याय्य कार्यसंस्कृतीविषयी लिहिताना याचे जे उत्तर दिले, ते मला निर्णायक वाटते : घडलेल्याचा पूर्ण हिशेब सांगणे आणि ते पुन्हा न घडेल अशी व्यवस्था करण्यात पुढाकार घेणे, ही जबाबदारी शिक्षा भोगण्याहून जड आहे. बुद्धिपुरस्सर केलेला घात किंवा पुरावा लपविणे यांना हे संरक्षण नाही.

दुसरा मतभेद कारणमीमांसेचा आहे. टोयोटा कारखान्यात तैइची ओनो यांनी रूढ केलेली, ‘असे का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची रीत संगणकक्षेत्रातही फार वापरली जाते, आणि आरंभासाठी ती उपयुक्त आहे. परंतु ती एकाच धाग्याने एका तळापर्यंत नेते. भूलतज्ज्ञ रिचर्ड कुक यांनी १९९८ साली जटिल यंत्रणांच्या अपयशाविषयी जे छोटे टिपण लिहिले, त्यात अपघात घडण्यास अनेक दोष एकत्र यावे लागतात आणि एकच मूळ कारण दाखविणे हे अपुऱ्या आकलनाचे लक्षण आहे, असे म्हटले आहे. गिटलॅबची घटना या मताची साक्ष देते. तीत बॅकअपच्या आवृत्तीचा दोष, न पोहोचलेले ईमेल आणि चुकीच्या सर्व्हरवरील आदेश यांपैकी एकही नसता, तर ती इतकी गंभीर झाली नसती.

समीक्षेत ठरलेली कामे एका नावावर व एका तारखेस बांधून नेहमीच्या कामांच्या यादीतच नोंदवावी लागतात. वेगळ्या दप्तरात ठेवली तर ती महिनोन्महिने पडून राहतात, आणि तीच घटना पुन्हा घडल्यावर बाहेर येतात. जुने लेख सर्व गटांना वाचावयास खुले असणे हेही तितकेच अवश्य आहे. गूगलमध्ये नवागतांच्या शिक्षणासाठी जुन्या घटनेचा प्रयोग करतात : एक जण त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या अभियंत्याची भूमिका घेतो, जुना लेख हाती असलेला दुसरा यंत्रणेच्या वतीने उत्तरे देतो, आणि पहिल्याने कोणता आलेख मागितला, कोणता आदेश दिला, यावरून घटनेने प्रत्यक्षात घेतले नव्हते असे वळणही त्या खोलीत घेता येते.