आरमाराचा तनखा: आज्ञापत्र ते १८१२चा तह

आरमार व्यापाराच्या रक्षणासाठी असते, हे सर्वच सांगतात. पण त्या आरमाराचा खर्च कोठून भागवावा? कोल्हापूरच्या दरबारात तीनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचा विचार झाला होता. आजचा थ्रेड त्याविषयी.

रामचंद्रपंत अमात्य हे शिवछत्रपतींपासूनचा काळ पाहिलेले मुत्सद्दी. बावड्याची त्यांची जहागीर म्हणजे कोकणातून देशावर चढणाऱ्या घाटवाटेचे तोंड. १७१५च्या सुमारास, दुसऱ्या संभाजी छत्रपतींच्या कारकिर्दीत, त्यांनी सिद्ध केलेले ‘आज्ञापत्र’ आपण बहुधा दुर्गांसाठी वाचतो. साहुकार आणि आरमार ही प्रकरणे मात्र शेजारी ठेवून वाचावीत.

साहुकार, म्हणजे व्यापारी, परमुलखातील वस्तू आणतो आणि संकटसमयी राज्याला कर्ज देतो. म्हणून त्याचा मान राखावा. टोपीकरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे. वखारीस जागा द्यावीच लागली तर समुद्रापासून दूर, आत द्यावी. प्लासीची लढाई तेव्हा चार दशके दूर होती!

आरमाराबाबतचा सल्ला याहून मार्मिक आहे. आरमारास तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरील पैदास्तीतून नव्हे. कारण उघड आहे: ज्या खलाशांचे पोट मिळकतीवर अवलंबून, ते व्यापाऱ्यालाच नाडणार आणि बंदर ओस पडणार.

पुढे नेमके तेच घडले. १७३१च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे राज्य आक्रसले, आणि मालवणची गलबते दर्यावरील धरपकडीकडे वळली. इंग्रजांनी याला सरसकट चाचेगिरी म्हटले. परवान्याविना फिरणारे जहाज धरण्याचा रिवाज पोर्तुगीजांनी कितीतरी आधीच पाडला होता, हे मात्र ते सोयीने विसरले. १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही दिले! राज्याचा कारभार पाहणाऱ्या जिजाबाईंनी पुढच्याच वर्षी तह करून, भरपाई कबूल करून तो परत मिळवला. १७९२च्या तहात पुन्हा भरपाई आली, शिवाय मालवणास इंग्रजांची वखार मान्य करावी लागली; म्हणजे अमात्यांनी जेथे नको म्हटले होते, नेमकी तेथेच.

मग दोष केवळ दर्यावर्दींचा? मला तसे वाटत नाही. तनखा मुलखातून द्यायचा तर मुलूख हाती हवा. चिकोडी-मनोळीसारखे परगणे पेशवे, पटवर्धन आणि निपाणीकर यांच्याशी चाललेल्या झगड्यात अडकले होते. देशावरचे राजकारण फसले, त्याची किंमत किनाऱ्याने मोजली.

१ ऑक्टोबर १८१२ रोजी शेवटचा व्यवहार झाला. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग इंग्रजांना द्यायचे, लढाऊ जहाजे ठेवायची नाहीत, चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडायचा. बदल्यात परचक्रापासून संरक्षणाची हमी. हमी खरी ठरली. सहा वर्षांत पेशवाई बुडाली आणि कोल्हापूरची गादी टिकली, पण तिच्याकडे समुद्र उरला नव्हता.