नवसागर, पुरण आणि पूरक

जळकोटच्या औषध दुकानात पुतण्याबरोबर उभा होतो. तो रोज जिमला जातो. फळीवर रुंद तोंडाचा काळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अमिनो ॲसिड सप्लिमेंट’. पुतण्यानं विचारलं, ‘काका, याला मराठीत काय म्हणायचं?’ मी सांगून टाकलं, ‘अमिनो आम्लांचं आहारपूरक.’ पण ते शब्द घरी येईपर्यंत माझ्या मागं लागले.

‘अमिनो’ हा शब्द अमोनियावरून आला, आणि अमोनिया एका देवावरून. इजिप्तच्या वाळवंटात सिवा इथं अम्मोन देवाचं देऊळ होतं. त्या मुलखातल्या क्षाराला रोमन लोक अम्मोनचं मीठ म्हणत. पुढं ते नाव एका विशिष्ट क्षाराला चिकटलं, आणि 1782मध्ये बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं त्यातून निघणाऱ्या वायूला अमोनिया म्हटलं.

तो क्षार आपण पाहिलेला आहे. त्याचं नाव नवसागर. फारसीत नोशादर, हिंदीत नौसादर. मराठी जिभेनं त्याला ओळखीचं रूप देऊन सागर करून टाकलं. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. कल्हईवाला गल्लीत भट्टी मांडायचा, भाता हलायचा, पितळी पातेलं तापलं की कथील लावून वर नवसागराची चिमूट टाकायचा. भस्सकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. तापलेल्या नवसागरातून सुटणारा अमोनिया त्या धुरात असायचा. ज्या पातेल्यात आई वरण शिजवायची, त्याला ‘अमिनो’चा धूर असा आधीच लागलेला होता.

‘आम्ल’ तर आपल्या जिभेवरच आहे. संस्कृत अम्ल, प्राकृतात अंब आणि अंबिल, मराठीत आंबट, आंबवणं, अंबील. मात्र अमिनो आम्लं आंबटच असतात असं नाही. 1820मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला जिलेटिनमधून सापडलेलं ग्लायसीन चक्क गोड लागतं. ते नावही गोडीच्या ग्रीक शब्दावरूनच पडलं.

मला जास्त ओढ ‘पूरक’ची आहे. पूर् म्हणजे भरणं. त्याच घरातले पूर, पुरेसं, पुरवठा, पुरवणी. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका भरली की मगच पुरवणी मागायची, हे लातूरकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. आणि त्याच घरातलं पुरण! गव्हाच्या पोळीत हरभऱ्याची डाळ भरतो, ते पुरण. शरीराला लागणाऱ्या 20 अमिनो आम्लांपैकी 9 अन्नातूनच मिळवावी लागतात. गहू-ज्वारीत त्यांतलं लायसीन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्य भागवतं. भाकरी आणि तुरीचं वरण हीसुद्धा तशीच जोडी. असे डबे विकणारे ज्या ल्युसिन या अमिनो आम्लाचं एवढं कौतुक करतात, ते तर ज्वारीत मुबलक असतं. खरी उणीव लायसीनची, आणि ती वरण भरून काढतं.

म्हणून मी पुतण्याला डबा निरुपयोगी आहे असं म्हटलं नाही. ल्युसिन स्नायूंच्या बांधणीला चालना देतं, हे खरं आहे. जेवण जात नाही असे म्हातारे, आजारातून उठलेले, यांना डॉक्टर अशी पूरकं देतात. ज्याचं ताट भरलेलं आहे, त्याला मात्र भर घालायला जागा कुठं आहे? जादा अमिनो आम्लं शरीर साठवून ठेवत नाही. ती मोडतात, त्यातून पुन्हा अमोनिया निघतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर स्वतःच्या मनानं डबा उघडूच नये.

युरिया म्हटल्यावर पुतण्याला खताचं पोतं आठवलं. बरोबरच आठवलं, तोच तो पदार्थ. तुरीला मात्र त्याची फारशी गरज पडत नाही. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात, रोप त्यापासून अमिनो आम्लं घडवतं आणि शेंग भरताना ती दाण्यात साठतात. भादव्यात त्याला बांधावर नेऊन एक रोप उपटून दाखवणार आहे. गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसते.