खंडव्याचा गाडीबदल

इंदूरहून मुंबईस सडकेने निघाल्यास सेंधवा, धुळे, मालेगाव, नाशिक असा बराचसा सरळ रस्ता आहे. अंतर सहाशे किलोमीटरच्या आत. अवंतिका एक्स्प्रेसचा प्रवासी मात्र आधी उज्जैनकडे जातो आणि रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा घेत सुमारे ८३० किलोमीटरनंतर मुंबईस पोहोचतो. रेल्वेचे भाडे अंतरावर ठरत असल्याने या वळशाचा खर्चही प्रवाशालाच सोसावा लागतो. माळव्यातील मराठी कुटुंबांचे सोयरेसंबंध खानदेश, नाशिक, पुण्याकडचे. त्यांना हा वळसा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. याचे मूळ विंध्य-सातपुड्यात आहे असे सहज म्हटले जाते. ते मला पटत नाही. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये साडेपाच फुटी रुळांनीच ओलांडला गेला होता आणि तेथील चढ ३७ फुटांस एक फूट इतका खडा होता.

मूळ आहे १८७० च्या सुमारास ठरलेल्या धोरणात. प्रारंभीच्या रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. बांधणीचा खर्च फुगत गेला आणि तूट खजिन्यावर पडू लागली. तेव्हा लॉर्ड मेयोच्या सरकारने नव्या मार्गांसाठी स्वस्त असा मीटर गेज पत्करला. मुंबई-कलकत्ता मार्ग त्याच वर्षी पुरा झाला होता व तो खंडव्यावरून जात होता. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. एका संस्थानिकाने एवढी रक्कम लोहमार्गात घालावी, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. रूळ पडले ते मात्र मीटर गेजचे.

परिणामी माळव्याचा कापूस खंडव्यास एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. हमाली, नासधूस आणि खोळंबा हे सारे त्यात आलेच. प्रवाशांचीही तीच गत. ट्रंका, वळकट्या, कडेवरची मुले सांभाळीत फलाट बदलायचा आणि मुख्य मार्गावरील गाडीची वाट पाहायची. त्यात पाताळपाणी-कालाकुंड घाटात गाडीला मागून दुसरे इंजिन लागे. अंतराने हा मार्ग बडोद्याच्या वळशाहून कमीच होता. पण थेट मोठी गाडी मिळू लागल्यावर लोकांनी वळसा पसंत केला, यात नवल नाही. बांधताना वाचलेला पैसा पुढे शंभर वर्षे हमालीत आणि खोळंब्यात फेडला गेला, असा माझा हिशेब आहे. अर्थात त्याच अरुंद रुळांनी एक उपकारही केला. इंदूरचा माणूस मीनाक्षी एक्स्प्रेसने अकोला-पूर्णामार्गे, गाडी न बदलता, हैदराबादेस जाऊ शकत असे.

मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या थेट मार्गाची मागणी फार जुनी. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. जुन्या खंडवा मार्गाचा महूखालचा भाग रुंदीकरणासाठी २०२३ मध्ये बंद झाला. पाताळपाणीचा चढ मोठ्या गाड्यांना सोयीचा नसल्याने तेथील नवा मार्ग लांबून वळवून आखला आहे.