शून्य की गैरहजर?

चाळीस मुलांचे पेपर तपासून झाले आणि गुण यादीत उतरवताना लक्षात आलं, की 17 नंबरचा पेपर गठ्ठ्यात नाहीच. काय कराल? तिथेच थांबलात तर यादी अर्धवट राहील. ती जागा न सोडता पुढचे गुण लागोपाठ लिहीत गेलात, तर अठराव्याचे गुण सतराव्याच्या नावावर पडतील आणि खालची सगळी यादी एका घराने सरकेल. शून्य लिहिलंत तर यादी सरकणार नाही. पण तो मुलगा आलाच नव्हता, की येऊन त्याला काहीच जमलं नाही, हे नंतर कुणाला कळणार? म्हणून आपण ‘गैरहजर’ असं लिहितो. संगणकाला ही साधी गोष्ट शिकवायला बरीच वर्षं लागली.

1969 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणक-प्रणाली आकार घेऊ लागली. केन थॉम्प्सन यांनी तिच्यासाठी लिहिलेला ‘ईडी’ हा मजकूर-संपादक कोणतीही चूक झाली, की एकच उत्तर देई : ‘?’. काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा! आज हे उद्धटपणाचं वाटेल. पण तेव्हा उत्तर टेलिटाइपवर, कागदावर उमटायचं आणि त्याचा वेग होता सेकंदाला 10 अक्षरं. चाळीस अक्षरांचं वाक्य म्हणजे चार सेकंदांची खडखड.

आतल्या यंत्रणेतही असंच होतं. 1971 च्या पहिल्या माहितीपुस्तिकेनुसार, प्रणालीला एखादं काम जमलं नाही तर ती फक्त एक बिट चालू करी. ‘जमलं नाही’ एवढंच कळे, का ते नाही. पुढे प्रत्येक कारणाला क्रमांक मिळाला. 2 म्हणजे अशी फाइल नाही, 5 म्हणजे वाचता-लिहिता आलं नाही, 28 म्हणजे जागा संपली. आणि 25 म्हणजे चक्क ‘हा टाइपरायटर नाही’! हा 25 फार बदनाम झाला. क्रमांक ठेवायची जागा एकच. एखाद्या प्रोग्रॅमने तिथे उशिरा डोकावलं, तर आधीच्या, क्षुल्लक चुकीचा क्रमांक त्याच्या हाती लागे. मग भलत्याच कारणाने अडलेल्या कामावर टाइपरायटरचा शेरा पडे.

आता डिस्ककडे वळू. 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीवर 512 बाइटचे 2880 सेक्टर असतात. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून जसेच्या तसे एका फाइलीत उतरवले, की झाली डिस्कची प्रतिमा. 1974 च्या, युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीपासून असलेली ‘डीडी’ ही आज्ञा हे काम करते. पण मध्येच एखादा सेक्टर वाचता आला नाही तर? एरवी डीडी तिथेच थांबते. चुकीकडे दुर्लक्ष करायला सांगितलं तर ती तो तुकडा गाळून पुढे जाते. आपल्या यादीसारखंच! कोणती फाइल कितव्या सेक्टरपासून सुरू होते याची नोंद फ्लॉपीवरच असते. प्रतिमा सरकली की त्या नोंदी चुकीच्या जागा दाखवू लागतात. आणखी एक सूचना दिली तर गाळलेल्या जागी शून्यं भरली जातात. सरकणं टळतं, पण शून्यं मुळातली की भरलेली? चूक होताच डीडी तोवर झालेल्या तुकड्यांची मोजणी पडद्यावर छापते, ती जपून ठेवली तर ठीक. प्रतिमेत मात्र त्याचा मागमूस राहत नाही.

2004 साली अंतोनियो दियास दियास यांच्या ‘डीडीरेस्क्यू’ने यावर उपाय केला. ही आज्ञा प्रतिमेसोबत एक छोटा नकाशा लिहिते, साध्या मजकुराचा. प्रत्येक ओळीत तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि पुढे एक खूण. ‘+’ म्हणजे मिळाला, ‘-’ म्हणजे खराब, आणि ‘?’ म्हणजे अजून प्रयत्नच केलेला नाही. (तेच प्रश्नचिन्ह, पण आता पत्त्यासकट.) मरणपंथाला लागलेली डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, म्हणून सहज वाचता येणारे भाग आधी उतरवून घ्यायचे आणि हट्टी जागांकडे नंतर परतायचं, अशी तिची रीत. मध्येच वीज गेली तरी नकाशा पाहून काम पुढे चालू करता येतं.

शेवटी जे ‘-’ उरतात, तिथे शून्यांऐवजी आपल्याला हवा तो शब्द भरायची सोयही तिच्यात आहे. मग तो शब्द कोणत्या फाइलींत सापडतो ते शोधायचं. ज्यांत सापडेल त्या अपुऱ्या, बाकीच्या शाबूत.